कर्नलच्या दस्तऐवजात हार्डवेअर ब्लॉकचे नाव कसे ठरवावे आणि वर्णन कसे लिहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नव्या चिपमधील आय२सी कंट्रोलरसाठी, म्हणजे दोन तारांवरून इतर उपकरणांशी बोलणाऱ्या भागासाठी, लिनक्स कर्नलमध्ये ड्रायव्हर पाठवायचा आहे. चिपच्या मॅन्युअलमध्ये त्या ब्लॉकला, म्हणजे चिपमधील त्या स्वतंत्र भागाला, एक संक्षिप्त नाव आहे, कंपनीच्या आतल्या कोडमध्ये प्रकल्पाचे सांकेतिक नाव वापरले आहे आणि ड्रायव्हरच्या फाइलला चिपच्या मालिकेचे नाव दिलेले आहे. डिव्हाइसट्री ही बोर्डवरील हार्डवेअर कर्नलला सांगणारी फाइल असते, आणि तिच्यात प्रत्येक ब्लॉक कसा लिहावा हे बाइंडिंग ठरवते. त्या बाइंडिंगच्या दस्तऐवजात यांपैकी कोणते नाव घ्यावे, आणि वर्णनात काय व किती लिहावे? असे दस्तऐवज लिहिण्याचे आणि इतरांचे तपासण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे, म्हणून उत्तर कर्नलमधल्याच उदाहरणांसह सविस्तर देतो. नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती लहान रोमन अक्षरांत असतात.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करावी लागते, ती ही की बाइंडिंगचा दस्तऐवज सिलिकॉनबद्दल बोलतो, ड्रायव्हरबद्दल नव्हे. कर्नलमधील बाइंडिंगविषयक सूचनांत हे स्पष्ट म्हटलेले आहे: त्यात लिनक्सचा किंवा ड्रायव्हरचा उल्लेख करू नये, आणि एखाद्या ऑपरेटिंग सिस्टीमला आज काय जमते याऐवजी हार्डवेअरमध्ये काय आहे यावर बाइंडिंग आधारावे. यामागचे कारण पूर्णपणे व्यावहारिक आहे. हीच डिव्हाइसट्री यू-बूट हा बूटलोडर वाचतो, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमही वाचतात. यू-बूटने तर २०२४ पासून कर्नलमधील डिव्हाइसट्री फाइली जशाच्या तशा वापरण्याची सोय केली आहे. शिवाय डिव्हाइसट्रीची संकलित प्रत बोर्डच्या फर्मवेअरमध्ये कायमची बसलेली असू शकते आणि वापरणारा पुढे फक्त कर्नल बदलत राहतो. त्यामुळे आज दिलेले कम्पॅटिबलचे नाव, म्हणजे ज्या नावावरून कर्नल ब्लॉकसाठी ड्रायव्हर निवडतो ते, दहा वर्षांनंतरच्या कर्नललाही ओळखता आले पाहिजे. सी भाषेतील फंक्शनचे नाव एका पॅचने बदलता येते, पण कम्पॅटिबल एकदा प्रसिद्ध झालेल्या कर्नलमध्ये गेले की ते मागे घेता येत नाही. म्हणूनच ड्रायव्हरच्या फाइलच्या नावावर मेंटेनर, म्हणजे पॅच तपासून घेणारे, सहसा अडून बसत नाहीत, पण कम्पॅटिबलवर अडतात, आणि त्यांचे ते अडणे मला पूर्णपणे रास्त वाटते.

एकाच ब्लॉकला कर्नलमध्ये तीन-चार ठिकाणी नाव द्यावे लागते आणि प्रत्येक ठिकाणाचा वाचक निराळा असतो, हे लक्षात न घेतल्यामुळे बहुतेक गोंधळ होतात. हे नीट दिसावे म्हणून रास्पबेरी पायची चिप घेऊ, कारण तिचे मॅन्युअल आणि डिव्हाइसट्री दोन्ही कोणालाही उघडून पाहता येतात.

पहिल्या रास्पबेरी पायवर ब्रॉडकॉमची बीसीएम२८३५ ही चिप होती. तिच्या पेरिफेरल ब्लॉकांचे मॅन्युअल २०१२ मध्ये खुले झाले. त्या मॅन्युअलमध्ये आय२सी कंट्रोलरचे प्रकरण ‘ब्रॉडकॉम सीरियल कंट्रोलर’, म्हणजे बीएससी, या नावाने आहे. हा बस फिलिप्सच्या आय२सी बसशी सुसंगत आहे, एवढे तेथे सांगितले आहे. कर्नलमधील डिव्हाइसट्रीत मात्र त्याच ब्लॉकच्या नोडचे, म्हणजे डिव्हाइसट्रीतील त्याच्या नोंदीचे, नाव ‘आय२सी@७ई२०५०००’ असे आहे. नोडच्या नावातला पहिला भाग उपकरणाचा वर्ग सांगतो, आणि डिव्हाइसट्रीच्या विनिर्देशातही नोडचे नाव सर्वसाधारण असावे, उपकरणाचे काम दाखवणारे असावे, असेच म्हटले आहे. जी व्यक्ती बोर्डची फाइल चाळते तिला तिथे आय२सी कुठे आहे, इथरनेट कुठे आहे, एवढेच हवे असते. बीएससी हे नाव नोडला दिले असते तर मॅन्युअल तोंडपाठ असलेल्या चार लोकांखेरीज कोणालाही तो नोड ओळखता आला नसता.

नोडच्या नावातला दुसरा भाग, म्हणजे पत्ता, हाही काळजीपूर्वक निवडलेला आहे. बीसीएम२८३५ मध्ये एआरएम प्रोसेसरला पेरिफेरल ब्लॉक २० या अंकांनी सुरू होणाऱ्या पत्त्यांवर दिसतात. पुढच्या बीसीएम२८३६ आणि बीसीएम२८३७ मध्ये तेच ब्लॉक ३एफ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर गेले. मॅन्युअलमध्ये मात्र सगळे पत्ते चिपच्या अंतर्गत बसचे, म्हणजे ७ई ने सुरू होणारे, दिलेले आहेत. डिव्हाइसट्रीत बसचेच पत्ते ठेवले आणि प्रोसेसरच्या पत्त्यांशी त्यांचा मेळ घालण्याचे काम वरच्या नोडमधील ‘रेंजेस’ या प्रॉपर्टीवर सोपवले. त्यामुळे ब्लॉकांचे वर्णन तिन्ही चिपांसाठी एकच राहिले, आणि मॅन्युअल शेजारी उघडून बसलेल्या वाचकाला नोडमधला आकडा तिथे जसाच्या तसा सापडतो. प्रोसेसरचा पत्ता नोडच्या नावात घालण्याचा मोह बोर्ड पहिल्यांदा चालू करताना हमखास होतो, कारण डीबगरमध्ये तोच पत्ता दिसत असतो. तो टाळावा आणि ब्लॉक ज्या बसवर बसला आहे त्या बसचा पत्ता द्यावा.

आता कम्पॅटिबल. वरील ब्लॉकचे कम्पॅटिबल ‘बीआरसीएम,बीसीएम२८३५-आय२सी’ असे आहे. स्वल्पविरामाच्या आधी उत्पादकाचा उपसर्ग येतो आणि तो कर्नलमधील उपसर्गांच्या यादीत नोंदलेला असावा लागतो. त्यानंतर नेमक्या चिपचे नाव आणि शेवटी ब्लॉकचे काम. रास्पबेरी पायसाठी वेगळ्या राखलेल्या कर्नलमध्ये पूर्वी बीसीएम२७०८ हे नाव सर्रास दिसत असे. ते सिलिकॉनच्या मालिकेचे नाव होते, तर बीसीएम२८३५ हे त्या मालिकेतील प्रत्यक्ष चिपचे. मुख्य कर्नलने चिपचे नाव घेतले, आणि तो निर्णय किती उपयोगी ठरला हे पुढे २०१९ मध्ये दिसले.

आय२सी बसवर समोरचे उपकरण उत्तर द्यायला तयार नसेल तर ते क्लॉकची तार खाली धरून ठेवते आणि कंट्रोलरने तेवढा वेळ थांबायचे असते. यालाच क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. बीसीएम२८३५ मधील ब्लॉकात नेमक्या याच बाबतीत दोष आहे, म्हणून ड्रायव्हरने या कंट्रोलरला ‘क्लॉक स्ट्रेचिंग जमत नाही’ अशी खूण लावलेली आहे. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ बरोबर बीसीएम२७११ आली. तिच्यातील आय२सी ब्लॉक तोच आहे, पण हा दोष त्यात नाही. तेव्हा बाइंडिंगमध्ये ‘बीआरसीएम,बीसीएम२७११-आय२सी’ हे नवे नाव वाढवले गेले आणि नव्या चिपच्या डिव्हाइसट्रीत आधी नवे नाव व त्यामागे जुने नाव अशी जोडी आली. नवा कर्नल पहिले नाव ओळखतो आणि दोषाची खूण लावत नाही. ज्या कर्नलला नवे नाव माहीत नाही त्याला दुसरे नाव सापडते आणि कंट्रोलर पूर्वीच्याच मर्यादेसह का होईना, चालतो. दोन्ही चिपांना मालिकेचे किंवा शेवटचे अंक गाळून त्या जागी एक्स घातलेले एकच नाव दिले असते, तर हा फरक सांगायला डिव्हाइसट्रीत जागाच उरली नसती. एक्स घातलेले नाव अजून न बनलेल्या चिपांबद्दलही ग्वाही देते, आणि ती ग्वाही देण्याइतकी माहिती त्या दिवशी कोणाजवळच नसते.

त्यामुळे मूळ प्रश्नातील तिन्ही नावांपैकी एकही जसेच्या तसे कम्पॅटिबलमध्ये जाणार नाही. हा ब्लॉक ज्या चिपमध्ये पहिल्यांदा आला त्या चिपचे पूर्ण नाव घ्यावे, त्याला ब्लॉकचे काम जोडावे आणि बाइंडिंगच्या फाइललाही तेच नाव द्यावे. मॅन्युअलमधील संक्षिप्त नाव वर्णनाच्या पहिल्या-दुसऱ्या वाक्यात यावे, म्हणजे शोधणाऱ्याला ते सापडेल. प्रकल्पाचे सांकेतिक नाव कंपनीबाहेरच्या कोणत्याही कागदावर छापलेले नसेल तर ते कोठेही नको. मालिकेचे नाव ड्रायव्हरच्या फाइलला राहू द्यायला हरकत नाही.

हा ब्लॉक तुमच्या कंपनीने स्वतः घडवलेला आहे की दुसऱ्याकडून विकत घेतलेला आहे, याचाही शोध घ्यावा. आजच्या चिपांमधील कितीतरी ब्लॉक सिनॉप्सिस, केडन्स, एआरएम अशा कंपन्यांनी घडवलेले असतात आणि चिप बनवणारा ते आपल्या मॅन्युअलमध्ये आपल्या नावाने छापतो. याचे कर्नलमधील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘एसटीएममॅक’ हा इथरनेट ड्रायव्हर. तो २००९ मध्ये एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या सेट-टॉप बॉक्सच्या चिपांसाठी आला, त्या कंपनीच्या नावाने आला आणि तिच्याच नावाच्या डिरेक्टरीत आजही आहे. आतला ब्लॉक मात्र सिनॉप्सिसचा डिझाइनवेअर मॅक आहे, आणि तो ऑलविनर, रॉकचिप, अ‍ॅमलॉजिक, इंटेल अशा अनेकांच्या चिपांमध्ये आढळतो. आज रॉकचिपच्या बोर्डवर इथरनेट चालू करणाऱ्या नवख्या माणसाला एसटीच्या नावाखाली शोधायचे आहे हे सुचण्याचे काही कारण नाही. ड्रायव्हरच्या दस्तऐवजाच्या शीर्षकात आता सिनॉप्सिसचे नाव आहे आणि बाइंडिंगमध्ये ‘एसएनपीएस,डीडब्ल्यूमॅक’ हे सर्वसाधारण नाव व त्याच्या आवृत्त्यांची नावे आहेत, म्हणून निभावून जाते. ब्लॉक विकत घेतलेला असेल तर यादीत आधी तुमच्या चिपचे नाव आणि नंतर मूळ घडवणाऱ्याचे नाव, असा क्रम ठेवावा. फक्त घडवणाऱ्याचे नाव देणे पुरत नाही, कारण तोच ब्लॉक चिपमध्ये बसवताना क्लॉक, रीसेट, फिफोची (डेटा तात्पुरता साठवणाऱ्या रांगेची) खोली, डीएमएची (प्रोसेसरविना मेमरीत डेटा नेण्याची) जोडणी या सगळ्यांत फरक पडतो आणि दोष बहुधा या जोडणीतच निघतात.

आवृत्तीचा आकडा नावात घालावा का, याचे उत्तर तो आकडा कोण आणि कशाच्या आधारे वाढवतो यावर अवलंबून आहे. सायफाइव्ह या कंपनीने याबाबत घालून दिलेला पायंडा मला अनुकरणीय वाटतो. तिच्या यूएआर्टसारख्या (सीरियल पोर्टच्या) ब्लॉकांचा हार्डवेअर कोड खुला आहे, ‘सायफाइव्ह,यूएआर्ट०’ हे नाव त्या कोडमध्येच लिहिलेले असते, आणि हा शेवटचा आकडा केव्हा वाढवायचा हे कर्नलमधील एका छोट्या स्वतंत्र दस्तऐवजात नोंदलेले आहे: ब्लॉकचा सॉफ्टवेअरला दिसणारा पृष्ठभाग बदलला, किंवा सॉफ्टवेअरने दखल घ्यावी असा कामातला बदल झाला, की आकडा वाढतो. इतके करूनही एफयू५४०-सी००० चिपच्या डिव्हाइसट्रीत त्या नावाच्या आधी चिपचे नाव असलेले कम्पॅटिबल आहेच. तुमच्या कंपनीत आवृत्तीचा आकडा असा नियमाने वाढत नसेल, किंवा तो फक्त एखाद्या अंतर्गत तक्त्यात असेल, तर तो नावात घालू नये.

मॅन्युअल उपलब्धच नसते तेव्हाही हीच पद्धत उपयोगी पडते. अ‍ॅपलच्या एम१ चिपचा आधार कर्नलमध्ये २०२१ पासून आहे. तिथे जाहिरातीतले एम१ हे नाव न घेता चिपचा भाग क्रमांक टी८१०३ घेतला गेला; मॅक मिनीच्या बोर्डचे नावही ‘अ‍ॅपल,जे२७४’ असे आहे. सुरुवातीला चिपच्या नावामागे ‘अ‍ॅपल,’ आणि ब्लॉकचे काम एवढेच असलेले एक मोघम नाव जोडले जात असे. नव्या चिपा येत गेल्या तसे त्या मोघम नावाने नेमके कशाची हमी मिळते हे सांगणे अवघड होत गेले, आणि २०२५ मध्ये ठरले की त्या मोघम नावांत यापुढे भर घालायची नाही. जुळणारा ब्लॉक असेल तर मागे टी८१०३ चे नाव जोडायचे. मोघम नाव पहिल्या दिवशी व्यापक आणि सोयीचे वाटते, पण चिप वाढल्या की त्याचा अर्थ सैल होत जातो. पहिल्या चिपचे नाव मात्र एका ठरावीक, तपासून पाहता येणाऱ्या ब्लॉककडे कायम बोट दाखवत राहते.

आता वर्णनाकडे वळतो, कारण प्रत्यक्षात तिथेच सर्वाधिक कुचराई होते. बाइंडिंगच्या फाइलमध्ये ‘टायटल’ ही एक ओळ असते आणि ‘डिस्क्रिप्शन’ हा परिच्छेद असतो. कर्नलच्या सूचनांनुसार शीर्षक हे हार्डवेअरचे एका ओळीतले वर्णन असावे. वर्णनात ब्लॉक काय करतो, कोणत्या मानकाला धरून आहे आणि डेटाशीट कुठे मिळेल, अशा गोष्टी असाव्यात. तरीही रिव्ह्यूसाठी येणाऱ्या दस्तऐवजांत शीर्षक पुष्कळदा ‘अमुक ड्रायव्हरसाठी डिव्हाइसट्री बाइंडिंग’ असे असते आणि वर्णनात तेच शब्द पुन्हा एकदा लिहिलेले असतात. ही फाइल बाइंडिंगची आहे हे तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावरूनच कळते.

वरील बीएससी ब्लॉकचे वर्णन मला लिहायचे असते तर मी असे लिहिले असते: ‘बीसीएम२८३५ आणि त्यानंतरच्या काही ब्रॉडकॉम चिपांमधील आय२सी कंट्रोलर. ब्रॉडकॉमच्या मॅन्युअलमध्ये याला बीएससी म्हटले आहे. तो ४०० किलोहर्ट्झपर्यंतचा फास्ट मोड आणि ७ व १० बिटांचे पत्ते हाताळतो. पाठवायच्या व आलेल्या डेटासाठी १६ बाइटांचा फिफो आहे. बीसीएम२८३५ मध्ये क्लॉक स्ट्रेचिंग नीट हाताळले जात नाही. बीसीएम२७११ मध्ये हा दोष नाही.’ यात रजिस्टरांची यादी नाही, कारण ती मॅन्युअलमध्ये आहे आणि ड्रायव्हरमध्येही आहे. चिपमध्ये असे किती ब्लॉक आहेत आणि त्यांतला एक एचडीएमआयसाठी राखलेला आहे, हेही नाही, कारण ती माहिती चिपची आहे आणि चिपच्या डिव्हाइसट्री फाइलमध्ये शोभते. मात्र दोषाचा उल्लेख आहे. उत्पादकाच्या लोकांना तो लिहिणे जड जाते हे मी समजू शकतो, तरी तो लिहावाच. दोन कम्पॅटिबल नावे वेगळी का आहेत हे पाच वर्षांनी कोणी विचारले तर उत्तर त्याच फाइलमध्ये सापडले पाहिजे, नाहीतर कोणीतरी आवरासावर करताना ती दोन्ही नावे एक करून टाकतो.

ड्रायव्हरला आज न वापरता येणारी गोष्टही वर्णनात आणि प्रॉपर्टींत असावी. ब्लॉकला दोन इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत) असतील आणि ड्रायव्हर एकच वापरत असेल, तरी बाइंडिंगमध्ये दोन्ही लिहावेत. दुसरा इंटरप्ट पुढे सक्तीचा म्हणून वाढवला तर जुन्या डिव्हाइसट्री नियमाबाहेर जातात, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी करणे स्वस्त पडते.

क्लॉक, रीसेट आणि इंटरप्ट यांना नावे देताना ती ब्लॉकच्या बाजूने द्यावीत. हा नियम सांगायला सोपा वाटतो, पण पाळताना बहुतेकांचा पाय इथेच घसरतो, म्हणून पुन्हा त्याच चिपमधील उदाहरण घेतो. बीसीएम२८३५ मधील मुख्य सीरियल पोर्ट हा एआरएमचा पीएल०११ ब्लॉक आहे, आणि त्याला दोन क्लॉक लागतात. डिव्हाइसट्रीत त्या दोन क्लॉकांचे स्रोत आहेत ब्रॉडकॉमच्या क्लॉक ब्लॉकमधील यूएआर्ट क्लॉक आणि व्हीपीयू क्लॉक. परंतु ‘क्लॉक-नेम्स’मध्ये नावे आहेत ‘यूएआर्टसीएलके’ आणि ‘एपीबी_पीसीएलके’, म्हणजे पीएल०११ च्या बाइंडिंगने ठरवलेली. व्हीपीयू हे नाव ब्रॉडकॉमच्या ग्राफिक्स प्रोसेसरशी जोडलेले आहे. सीरियल पोर्टच्या दृष्टीने तो केवळ रजिस्टरांकडे जाणाऱ्या बसचा क्लॉक आहे. दुसऱ्या कोणाच्या चिपमध्ये हाच ब्लॉक बसला की स्रोत बदलतील, पण ब्लॉकला क्लॉक आत घेण्यासाठी असलेली ही दोन तोंडे तीच राहतील. स्रोताचे नाव दिले असते तर प्रत्येक चिपगणिक ड्रायव्हरमध्ये नवा अपवाद वाढवावा लागला असता. प्रॉपर्टीच्या नावात एकक असावे, उदाहरणार्थ शेवटी ‘-मायक्रोव्होल्ट’ किंवा ‘-हर्ट्झ’, हा नियमही याच जातीचा आहे आणि त्यावर वेगळे काही सांगण्याची गरज नाही.

मॅन्युअलमधले नाव दुसऱ्या प्रस्थापित अर्थाशी टक्कर घेत असेल तर जास्त सांभाळावे लागते. बीसीएम२८३५ च्याच मॅन्युअलमध्ये एसडी कार्ड हाताळणाऱ्या एका ब्लॉकचे नाव ‘ईएमएमसी’ असे आहे आणि ते ‘एक्स्टर्नल मास मीडिया कंट्रोलर’चे लघुरूप आहे. साऱ्या उद्योगात मात्र ईएमएमसी म्हणजे बोर्डवर कायमची बसवलेली फ्लॅश मेमरी. शिवाय याच चिपमध्ये एसडी कार्डासाठी आणखी एक, ब्रॉडकॉमचा स्वतःचा, वेगळा कंट्रोलर आहे. कर्नलमध्ये दोन्ही नोडांचे नाव ‘एमएमसी’ असे वर्गवाचक आहे आणि कम्पॅटिबलमध्ये एकाला ‘एसडीएचसीआय’ व दुसऱ्याला ‘एसडीहोस्ट’ म्हटले आहे. पहिला ब्लॉक अरासन या कंपनीचा आहे आणि एसडीएचसीआय या मानकाच्या रजिस्टर मांडणीला धरून आहे, म्हणून ते नाव खरे आहे आणि दिशाभूलही करत नाही. अशा ठिकाणी मॅन्युअलमधला शब्द वर्णनात एकदा, तो मॅन्युअलमधला आहे असे सांगून लिहावा आणि पुढे वापरू नये.

बाइंडिंगच्या पलीकडे कर्नलमध्ये सिस्टीम चालवणाऱ्यांसाठीचे आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठीचे दस्तऐवज असतात. तिथे वाचक वेगळा असल्यामुळे ब्लॉकचे वर्णनही वेगळ्या जागेवरून सुरू करावे लागते. हायसिलिकॉनच्या चिपांतील कामगिरी मोजणाऱ्या काउंटरांचा दस्तऐवज या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. वापरणाऱ्याला तिथे ‘हायसाय_एससीसीएल’ व क्रमांक, त्यानंतर ‘एल३सी’ व क्रमांक, अशी नावे दिसणार असतात. दस्तऐवज आधी रचना सांगतो: चार कोअर आणि त्यांची सामाईक एल३ कॅश मिळून एक सीसीएल, असे सहा सीसीएल मिळून प्रोसेसरची एक डाय म्हणजे एससीसीएल, आणि प्रत्येक एससीसीएलमध्ये दोन हायड्रा होम एजंट व चार डीडीआर कंट्रोलर. हे चार-पाच ओळींचे वर्णन वाचल्यावर पुढच्या नावांतला प्रत्येक आकडा कशाचा आहे हे कळते. हे वर्णन नसते तर ती नावे पाठ करण्यापलीकडे वाचकाच्या हाती काही उरले नसते. ब्लॉकांना क्रमांक असतील तर तो क्रमांक हार्डवेअरचा आहे की बूट होताना सापडण्याच्या क्रमाचा, एवढे एक वाक्य प्रत्येक दस्तऐवजात असावे.

एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे दस्तऐवज याहून मोठ्या अडचणीला सामोरे जातात. एकाच चिपला दुकानातले नाव असते, ‘सिएना सिक्लिड’सारखे रंग आणि मासा जोडून केलेले सांकेतिक नाव असते, आणि आतल्या प्रत्येक ब्लॉकला स्वतःची आवृत्ती असते. तिथे तीन गोष्टी केल्या आहेत. चिप म्हणजे आवृत्त्या असलेल्या आणि एकमेकांत मिसळता येणाऱ्या ब्लॉकांचा संच आहे असे सुरुवातीलाच सांगितले. लघुरूपांचा शब्दसंग्रह स्वतंत्र पानावर दिला. आणि उत्पादनाचे नाव, सांकेतिक नाव व ब्लॉकांच्या आवृत्त्या यांचा मेळ घालणारे तक्ते ठेवले. मला विशेष आवडते ते मेमरी कंट्रोलरचे, म्हणजे जीएमसीचे, वर्णन. व्हेगा या चिपमालिकेच्या आधीच्या चिपांत तो स्वतंत्र ब्लॉक होता, व्हेगापासून तो निरनिराळ्या मेमरी हबांमध्ये विभागला गेला, परंतु प्रोग्रॅम करण्याची रीत बरीचशी तशीच राहिल्यामुळे ड्रायव्हर त्याला अजून एकच घटक मानतो, असे तिथे सरळ लिहिले आहे. हार्डवेअर काय आहे आणि ड्रायव्हर त्याकडे कसे पाहतो, यांतली तफावत लपवण्याऐवजी दोन वाक्यांत मांडली की वाचकाचा कोड वाचतानाचा कितीतरी गोंधळ वाचतो.

के-कॉन्फिगमधील, म्हणजे कर्नल बांधताना पर्याय निवडण्याच्या यादीतील, मदतमजकूर हा लिनक्सचाच असल्यामुळे तिथे ड्रायव्हरबद्दल बोलायला पूर्ण मोकळीक आहे. चेकपॅच ही तपासणी चार ओळींपेक्षा कमी मदत असेल तर इशारा देते, पण ओळींची संख्या भरून काढण्यापेक्षा कर्नल बांधणारा काय शोधत असेल याचा विचार करावा. त्याच्या हातात बोर्ड असतो आणि बोर्डच्या खोक्यावरचे नाव त्याला माहीत असते, म्हणून बाजारातले नाव लिहायचे ते येथे.

संज्ञांबद्दल एक बाब. आय२सीच्या मानकाने २०२१ मधील सातव्या आवृत्तीत मास्टर आणि स्लेव्ह या जुन्या संज्ञा सोडून कंट्रोलर आणि टार्गेट या संज्ञा घेतल्या, आणि कर्नलनेही २०२० पासून नव्या कोडसाठी जुन्या संज्ञा टाळण्याचे धोरण ठेवले आहे. तुमचे मॅन्युअल जुने असेल तर त्यातले रजिस्टरांचे नाव जसेच्या तसे ठेवावे, कारण ते शोधता आले पाहिजे. वर्णनाची वाक्ये मात्र नव्या संज्ञांत लिहावीत.

राहिला प्रश्न, तुमच्या कंपनीच्या स्वतंत्र कर्नलमध्ये मालिकेचे नाव असलेले कम्पॅटिबल आधीच ग्राहकांकडे गेले असेल तर काय करावे. मुख्य कर्नलमध्ये त्या नावाने कधीच प्रवेश केलेला नसेल, तर त्याचे ओझे मुख्य कर्नलवर टाकता येत नाही. नवे नाव घ्यावे आणि जुने नाव ओळखण्याचा पॅच आपल्या शाखेत ठेवावा. ते मुख्य कर्नलमध्ये गेलेले असेल तर झिंक चिपच्या इथरनेट ब्लॉकबाबत जे झाले ते करावे. त्याचे नाव आधी केडन्सच्या उपसर्गाने ‘सीडीएनएस,झिंक-जेम’ असे होते, जरी झिंक ही चिप झायलिंक्सची आहे. २०२२ मध्ये ‘एक्सएलएनएक्स,झिंक-जेम’ हे योग्य उपसर्गाचे नाव आले, बाइंडिंगमध्ये जुन्या नावाला कालबाह्य म्हणून खूण केली गेली, आणि ड्रायव्हरच्या यादीत दोन्ही नावे शेजारी शेजारी राहिली. बाइंडिंगचा बदल एका पॅचमध्ये, ड्रायव्हरचा त्यामागच्या पॅचमध्ये आणि डिव्हाइसट्रीचा त्यानंतर, असा क्रम ठेवावा, आणि बाइंडिंगच्या पॅचच्या संदेशात जुने नाव का चुकीचे होते हे हार्डवेअरच्या भाषेत लिहावे.